एमिलीची प्रार्थना : मध्ययुगीन रोमान्समधला विवाह आणि स्त्रीचा होकार

चॉसरच्या ‘नाइट्स टेल’मध्ये पहाटे तीन माणसे तीन देवळांत जातात. पॅलमन व्हीनसकडे एमिली मागतो. आर्सिट मार्सकडे विजय मागतो, कारण विजय मिळाला की एमिली आपोआप मिळणार आहे. या दोघांच्या मधल्या वेळेत, सूर्य उगवताना, स्वतः एमिली डायानाच्या देवळात जाते. तिचे मागणे साधे आहे. तिला कोणाची पत्नी व्हायचे नाही, आई व्हायचे नाही. रानात हिंडायचे आहे, शिकार करायची आहे. त्या दोघांत सख्य होऊ दे, त्यांचा हा ज्वर उतरू दे, असे ती विनवते. आणि लग्न टळणारच नसेल तर ज्याला आपली ओढ अधिक आहे तो तरी मिळू दे, असे शेवटी पुस्ती जोडते.

वेदीवर दोन अग्नी पेटलेले असतात. एक विझून पुन्हा पेटतो. दुसरा विझतो आणि जळत्या काटक्यांच्या टोकांतून रक्तासारखे थेंब गळू लागतात. एमिली घाबरून रडते. डायाना धनुष्य घेऊन प्रकट होते आणि सांगते, की तुझ्यासाठी तळमळणाऱ्या दोघांपैकी एकाशी तुझे लग्न व्हायचे ठरलेले आहे. कोणाशी, ते मी सांगणार नाही.

एमिली या सबंध काव्यात प्रत्यक्ष बोलते ती एवढीच. दोन हजारांहून अधिक ओळींच्या कथेत तिचा आवाज फक्त देवळात, एकांतात, देवीपुढे ऐकू येतो. माणसांशी ती एक वाक्यही बोलत नाही.

इंग्रजी साहित्य शिकलेल्या आपल्याकडच्या बहुतेकांना चॉसर भेटतो तो ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रस्तावनेपुरता. त्यामुळे ‘नाइट्स टेल’ ही ‘एका स्त्रीसाठी झगडणाऱ्या दोन मित्रांची गोष्ट’ म्हणून डोक्यात राहते. गोष्ट तशी आहेच. पण तिच्यातल्या देवांच्या सभेकडे नीट पाहावे. तिघांनी तीन मागण्या केल्यावर स्वर्गात भांडण लागते ते व्हीनस आणि मार्स यांच्यात. शनी मध्यस्थी करतो आणि दोघांचेही समाधान होईल अशी युक्ती काढतो : आर्सिट जिंकेल, पण घोड्यावरून पडून मरेल, पॅलमनला एमिली मिळेल. मार्सचा शब्द राहिला, व्हीनसचाही राहिला. डायानाचे काय? तिची तक्रार सभेपुढे येतच नाही. एमिलीची मागणी फेटाळली गेली असे म्हणणेसुद्धा चूक ठरेल, कारण ती विचारातच घेतली गेलेली नाही.

चॉसरने ही कथा बोकाच्चोच्या ‘तेसेइदा’वरून घेतली. बोकाच्चोने पहिला सर्ग थीसियसच्या ॲमेझॉन स्त्रियांशी झालेल्या युद्धाला दिला आहे. चॉसर ते काही ओळींत उरकतो. थीसियसने स्त्रियांचे राज्य जिंकले, राणी हिपॉलिटाशी लग्न केले, तिच्या धाकट्या बहिणीला, एमिलीला, सोबत आणले. म्हणजे एमिली युद्धात हरलेल्या देशातून आलेली मुलगी आहे, हे वाचकाने लक्षात ठेवायचे. बोकाच्चोची एमिलिया बागेत गाताना तुरुंगाच्या खिडकीतला उसासा ऐकते. कोणीतरी आपल्याकडे पाहत आहे हे तिला कळते आणि ते तिला आवडतेही. चॉसरच्या एमिलीला काहीच माहीत नाही. दोघे तिच्यावरून वर्षानुवर्षे भांडतात, तुरुंगात बसून तिच्यावर हक्क कोणाचा याचा कीस पाडतात, रानात घोट्यापर्यंत रक्तात उभे राहून लढतात. आणि थीसियस हसून म्हणतो, की या सगळ्याची खबर तिला एखाद्या सशाला असेल तितकीसुद्धा नाही. त्याला ही गंमत वाटते. पुढच्याच श्वासात तो आपल्या मेहुणीच्या वतीने बोलतो आणि पन्नास आठवड्यांनी, प्रत्येकी शंभर सरदारांनिशी, तिच्यासाठी सामना ठरवून टाकतो.

शेवट त्याहून बोलका आहे. आर्सिट मेल्यावर काही वर्षे जातात. अथेन्सच्या सभेत थीब्ज नगरीला कायमचे अंकित ठेवण्याची चर्चा निघते आणि त्या ओघात थीसियस पॅलमनला आणि एमिलीला बोलावून घेतो. विश्वाच्या आदिकारणापासून सुरू होणारे एक लांबलचक भाषण करतो. मग तो एमिलीला सांगतो, की ही माझी पूर्ण संमती आहे आणि सभेचा सल्लाही तसाच आहे. तुझा हात दे. नंतर पॅलमनकडे वळून म्हणतो, की तुझी संमती मिळवायला फार उपदेश करावा लागेल असे वाटत नाही. संमती हा शब्द दोनदा आला. एकदा थीसियसची, एकदा पॅलमनची. बोकाच्चोच्या एमिलियाने या जागी निदान डायानाच्या व्रताची आठवण करून दिली होती. चॉसरने तिचे तेही शब्द काढून घेतले. मला हे चॉसरचे दुर्लक्ष वाटत नाही. देवळातली प्रार्थना इतक्या स्पष्टपणे लिहिणारा कवी शेवटच्या प्रसंगात तिला विसरला असेल हे पटत नाही. त्याने ती जागा रिकामी ठेवली आहे.

आता प्रश्न असा, की चौदाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये बसून लिहिणाऱ्या माणसाला ‘संमती’ या शब्दाचे वजन कितपत माहीत असावे? पुरेपूर. कारण त्याआधी दोन शतके युरोपातल्या चर्चने विवाहाचा सारा कायदा या एकाच शब्दावर उभा केला होता.

११४०च्या सुमारास ग्रेशियनने धर्मशास्त्राचे नियम संकलित केले. ११५९ ते ११८१ या काळात पोपपदी असलेल्या तिसऱ्या अलेक्झांडरने त्यातून जे सूत्र पक्के केले ते आजही धाडसी वाटावे असे आहे. वयात आलेली मुलगी (बारा वर्षे) आणि मुलगा (चौदा वर्षे) यांनी वर्तमानकाळी क्रियापदात एकमेकांना ‘मी तुला पती म्हणून, पत्नी म्हणून स्वीकारते, स्वीकारतो’ असे म्हटले, की विवाह झाला. बापाची परवानगी लागत नाही. सरंजामदाराची लागत नाही. पुरोहित नसला तरी विवाह वैध. आणि धाकाने मिळवलेला होकार हा होकार नव्हे.

कागदावर हे असे होते. जमिनीवर दुसराच कायदा चालत होता. सरदार मेला आणि मागे मुलगी राहिली तर तिचे पालकत्व आणि तिच्या लग्नाचा हक्क सरदाराच्या धन्याकडे जाई. हा हक्क विकता येई, भेट देता येई. इंग्लंडमध्ये ११८५ साली राजाच्या हातातल्या विधवा आणि अनाथ वारसांची एक नोंदवहीच तयार झाली; कोणाचे वय किती, मुले किती, जमिनीचे उत्पन्न किती. १२१५च्या मॅग्ना कार्टाचे आपल्याकडे कौतुक होते ते वेगळ्या कलमांसाठी. त्याचे आठवे कलम सांगते, की पतीवाचून राहण्याची जिची इच्छा आहे अशा विधवेवर लग्नाची सक्ती करू नये. पण त्याच कलमात पुढे आहे, की राजाच्या संमतीवाचून लग्न करणार नाही अशी हमी तिने द्यावी. नाही म्हणण्याचा हक्क मिळाला. हो कोणाला म्हणायचे याचा नाही.

राण्यांचीही सुटका नव्हती. अकितेनच्या एलिनॉरचा फ्रान्सच्या राजाशी झालेला विवाह ११५२च्या मार्चमध्ये रद्द झाला. आपल्या मुलखाकडे परतताना वाटेत तिला पळवून नेऊन लग्न लावण्याचे दोन प्रयत्न झाल्याचे इतिवृत्तात आहे. दोन महिन्यांच्या आत तिने स्वतःच हेन्री प्लँटॅजेनेटशी विवाह उरकला. याला निवड म्हणायचे की बचाव, हे ज्याचे त्याने ठरवावे.

या दोन कायद्यांमधली फट म्हणजे रोमान्सची जागा, असे माझे म्हणणे आहे. चर्च म्हणते : तिचा होकार हवा. जमीन म्हणते : लग्न तर ठरलेलेच आहे. मग होकार आणायचा कसा? रोमान्सचे उत्तर : ती त्याच्यावर प्रेम करील अशी व्यवस्था करू.

ही व्यवस्था सर्वांत सफाईने कोणी दाखवली असेल तर क्रेतिएं द त्र्वाने, ‘ईव्हें’ या ११८०च्या आसपासच्या काव्यात. ईव्हें एका झऱ्याच्या रक्षकाला ठार करतो आणि पाठलाग करता करता त्याच्याच वाड्यात अडकतो. दासी ल्युनेत त्याला अदृश्य करणारी अंगठी देते. खिडकीतून तो त्या सरदाराच्या विधवेला, लोदीनला, केस उपटताना, स्वतःला ओरबाडताना पाहतो आणि प्रेमात पडतो. इथून पुढे ल्युनेतचे काम सुरू होते. ती मालकिणीला विचारते : आर्थर राजा आठवड्याभरात झऱ्यावर येतो आहे, रक्षण कोण करणार? दोन सरदार लढले आणि एकाने दुसऱ्याला मारले तर त्यांतला चांगला कोण? लोदीन तिला हाकलून देते. रात्री मात्र तळमळत पडल्या पडल्या ती मनातल्या मनात खटला चालवते. मारेकऱ्याला समोर उभा करते, प्रश्न विचारते, त्याची उत्तरेही स्वतःच देते, आणि त्याला निर्दोष सोडते. सकाळी ती ल्युनेतला त्याचे कूळ विचारते. राजपुत्र आहे हे कळल्यावर तो किती दिवसांत येईल याची घाई तिलाच होते. तो तर शेजारच्या खोलीतच आहे.

त्यानंतर सरदारांची सभा. कारभारी भाषण करतो : झऱ्याला रक्षक हवा, बाईंनी लग्न करावे. सरदार विनवतात. लोदीन त्यांना भरपूर विनवू देते. जे ती नाहीतरी करणारच होती ते त्यांच्या आग्रहाखातर केल्यासारखे करते. क्रेतिएं इथे मिश्कील हसतो आणि शतकानुशतके वाचकही त्याच्याबरोबर हसत आले आहेत. बाई बेरकी, असे म्हणत. पण हिशोब मांडून पाहा. नवरा गेला आहे, शत्रू आठवड्यावर आला आहे, जमीन राखायची तर हत्यार हवे, आणि उपलब्ध हत्यार एकच आहे. ती ज्याला हो म्हणते त्याच्याशिवाय दुसरा पर्यायच तिच्यापुढे कोणी ठेवलेला नाही. इतिहासकार जॉर्ज द्युबी यांनी या काव्यांमागे भूमिहीन धाकट्या मुलांची स्वप्ने पाहिली : वारसदार स्त्री मिळाली की वाडा, जमीन, प्रतिष्ठा सगळे एकदम मिळते. ईव्हेंला ते सगळे मिळाले. त्याचे मानधन म्हणून लोदीनला ‘प्रेम’ मिळाले. वर्षाच्या बोलीवर तो सामने खेळायला जातो आणि परतायचे विसरतो, हे पुढचे आले.

शेवटी लोदीन पुन्हा एकदा पकडली जाते. ल्युनेत तिला पवित्र अवशेषांवर हात ठेवून शपथ घ्यायला लावते, की ‘सिंहाच्या सरदारा’चा त्याच्या पत्नीशी समेट करून देईन. तो सरदार म्हणजे ईव्हेंच. लोदीन स्पष्ट बोलते, की याच्यापेक्षा जन्मभर वादळे सोसली असती, पण शपथ मोडणार नाही. काव्य म्हणते, सर्व सुखात संपले. वाचकाने लोदीनचे ते वाक्य विसरावे अशी काव्याची अपेक्षा असावी. मला ते विसरता येत नाही.

याच कवीच्या ‘क्लिजेस’मधली फेनिस मात्र व्यवस्थेलाच नकार देते. जर्मन सम्राटाची ही मुलगी आधी सॅक्सनीच्या ड्यूकला कबूल केलेली, मग कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट आलिस याला दिलेली. तिचे मन आलिसच्या पुतण्यावर, क्लिजेसवर. फेनिसला इझोल्टची कथा ठाऊक आहे आणि तिला ती किळसवाणी वाटते : मन एकाचे, शरीर दोघांचे. आपले मन ज्याचे, शरीरही त्याचेच राहील असे ती ठरवते. इझोल्टची तिला आलेली चीड मला रास्त वाटते, पण इझोल्टवर ती थोडा अन्यायही करते. त्या बिचारीला नवरा मिळाला तो ड्रॅगन मारण्याचे बक्षीस म्हणून, तेही बक्षीस जिंकणाऱ्याने मामाला देऊन टाकल्यावर, आणि प्रियकर मिळाला तो चुकून प्यालेल्या काढ्यातून. नवराही निवडलेला नाही, प्रियकरही नाही.

फेनिसची दाई थेसाला आलिसला असे पेय पाजते, की बायकोचा उपभोग तो फक्त स्वप्नात घेतो आणि खरे समजतो. पुढे फेनिस मरणाचे सोंग घेते. सालेर्नोहून आलेल्या तीन वैद्यांना संशय येतो. ते तिला चाबकाने फोडून काढतात, तिच्या तळहातांवर वितळलेले शिसे ओततात, आता आगीवर भाजणार तोच दाराच्या फटीतून पाहणाऱ्या बायका दार फोडून आत घुसतात आणि तिन्ही वैद्यांना खिडकीतून खाली फेकून देतात. एवढे सोसूनही फेनिस तोंडातून शब्द काढत नाही. मनाजोगता नवरा मिळवायचा तर प्रेत होऊन दाखवावे लागते, आणि प्रेतालाही चौकशी चुकत नाही. सरतेशेवटी ती क्लिजेसची पत्नी आणि सम्राज्ञी होते. पण क्रेतिएं शेवटच्या ओळींत टाचणी टोचतोच : तेव्हापासून कॉन्स्टँटिनोपलचा प्रत्येक सम्राट फेनिसची आठवण ठेवून आपल्या राणीला कोंडून ठेवतो, जवळ फक्त हिजडे पहाऱ्याला. एका स्त्रीच्या निवडीची किंमत पुढच्या सगळ्यांकडून वसूल.

सालेर्नो मारी द फ्रान्सच्या एका छोट्या कथाकाव्यातही आहे. नॉर्मंडीत सीन नदीकाठी पित्र गावाजवळ एक टेकडी आहे, ‘दोन प्रेमिकांची टेकडी’. बापाला मुलगी द्यायची नाही; म्हणून तो अट घालतो, की जो तिला हातांवर उचलून, वाटेत न थांबता माथ्यापर्यंत नेईल त्याचीच ती. मुलीचे एका तरुणावर प्रेम आहे. तो पळून जाऊ म्हणतो. बापाला दुखवायचे नाही म्हणून ती नकार देते. सालेर्नोच्या मावशीकडून शक्तीचे औषध आणवते. आणि त्याच्या हातांना आपला भार हलका व्हावा म्हणून उपास करून वजन उतरवते. मध्ययुगीन साहित्यात स्त्रीला लग्नात कितपत हात घालता येत होता याचे याहून नेमके चित्र मला माहीत नाही. ज्या शर्यतीत ती ओझे आहे त्या शर्यतीत तिला करता येण्याजोगी एकच गोष्ट ती करते. तो तारुण्याच्या मस्तीत औषध घेत नाही, माथ्यावर पोचून कोसळतो. तीही त्याच्याशेजारी मरते.

इंग्रजी रोमान्स फ्रेंचांइतके नाजूक नाहीत. म्हणूनच त्यांत सक्ती उघडी दिसते. तेराव्या शतकाच्या अखेरच्या ‘हॅवेलॉक’मध्ये इंग्लंडची वारस गोल्डबरो हिचा पालक अर्ल गॉड्रिच आहे. मरत्या राजाला त्याने शब्द दिलेला, की राज्यातल्या सर्वांत उंच पुरुषाला ती देईन. राजाला थोर अभिप्रेत होता. गॉड्रिच शब्दशः घेतो आणि लिंकनमधल्या आपल्या स्वयंपाकघरातल्या धिप्पाड पोऱ्याला तिच्यापुढे उभा करतो. पोऱ्या घाबरून विचारतो : मी बायको घेऊन काय करू? तिला घालायला कपडा नाही, खायला अन्न नाही. त्याला फाशीची, डोळे काढण्याची धमकी. तिलाही जिवाची धमकी. यॉर्कचा आर्चबिशप स्वतः लग्न लावतो. धाकाने मिळवलेला होकार हा होकार नव्हे असे ज्या चर्चने सांगितले त्याच चर्चचा हा मोठा अधिकारी. रात्री झोपलेल्या हॅवेलॉकच्या तोंडातून प्रकाश येतो, खांद्यावर राजचिन्हाचा क्रूस दिसतो, देवदूताचा आवाज येतो आणि गोल्डबरो आनंदते. नवरा पोऱ्या नव्हता, राजपुत्र होता! लग्न बळजबरीचे होते हा मुद्दा तिथेच संपतो. आणि राजा झाल्यावर हॅवेलॉक काय करतो? त्याला वाढवणाऱ्या कोळ्याची एक मुलगी चेस्टरच्या अर्लला देतो, दुसरी आपल्या जुन्या आचाऱ्याला, त्याला कॉर्नवॉलचा अर्ल करून. बोलणे चालते ते राजा आणि वर यांच्यात. ज्याच्या गळ्यात बायको बांधली गेली होती तो आता मुली वाटतो आहे. कवीला यात कृतज्ञता दिसते.

एक आक्षेप इथे घेतला जाईल, आणि तो घ्यायलाच हवा. पुरुषांना तरी निवड कुठे होती? हॅवेलॉकलाही धमकावलेच ना? खरे आहे. राजघराण्यांतल्या मुलग्यांचे वाङ्निश्चयही पाळण्यात होत. पण रोमान्स पुरुषाला घर सोडून जाण्याची वाट देतो, आणि त्या वाटेवरच गोष्ट घडते. स्त्री बहुधा त्या वाटेच्या शेवटी असते. शिवाय, ही काव्ये स्त्रियांनीच मोठ्या प्रमाणात ऐकली, पोसली. क्रेतिएंची आश्रयदाती मारी द शांपाञ् एलिनॉरचीच मुलगी. आपले लग्न ज्यांनी ठरवले त्यांच्या घरात बसून या बाया लोदीनची गोष्ट ऐकत होत्या. त्यांना काय वाटत असेल याचा थोडा अंदाज पास्टन घराण्याच्या पत्रांवरून येतो. १४४९ साली एलिझाबेथ पास्टनने पन्नाशीच्या, आजाराने विद्रूप झालेल्या विधुराशी ठरवलेले लग्न नीट मान्य केले नाही, तेव्हा तिच्या आईने तिला आठवड्यातून एकदोनदा, कधी एकाच दिवसात दोनदा मारले, डोके दोनतीन ठिकाणी फुटले, असे नातेवाईक स्त्रीचे पत्र सांगते. वीस वर्षांनी त्याच घरातल्या मार्जरीने घरच्या कारभाऱ्याशी चोरून वचने घेतली. नॉरिचच्या बिशपने तिला बोलावून नेमके शब्द काय उच्चारले ते विचारले. ती म्हणाली, त्या शब्दांनी पुरेसे पक्के झाले नसेल तर जाण्याआधी अजून पक्के करून जाईन. विवाह वैध ठरला. आईने घराचे दार बंद केले. तिसऱ्या अलेक्झांडरचा कायदा तीन शतकांनी एका मुलीच्या कामी आला, तो असा.

मराठी वाचकाला या सगळ्यात रुक्मिणी आठवणारच. नरेंद्राच्या आणि एकनाथांच्या काव्यांतली रुक्मिणी पत्र लिहिते, ब्राह्मणाहाती पाठवते, भावाने ठरवलेला शिशुपाल नाकारते. निवड तिची. पण ती पार पडायला रथ कृष्णाचा लागतो, आणि धर्मशास्त्राच्या वर्गवारीत त्या विवाहाला राक्षस विवाह म्हणतात. ‘रुक्मिणी स्वयंवरा’ची पारायणे आपल्याकडे उपवर मुलींकडून करवून घेत, चांगले स्थळ यावे म्हणून. आलेले स्थळ नाकारण्याची विद्याही त्याच पोथीत आहे, याकडे घरच्या वडीलधाऱ्यांचे लक्ष गेले नसावे.

साम्य एवढेच असते तर मी इकडे वळलो नसतो. धागा याहून प्रत्यक्ष आहे. मुंबईच्या हायकोर्टात १८८४ साली दादाजी भिकाजींनी रखमाबाईंवर जो दावा लावला तो ‘वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापने’चा. हा दावा हिंदू धर्मशास्त्रात नव्हता. तो आला इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून. १८५७पर्यंत तिथले विवाहाचे खटले त्यांच्याच अखत्यारीत होते. जे मध्ययुगीन धर्मशास्त्र ‘शब्द उच्चारले की बंधन पक्के’ असे सांगत होते, त्याचीच ही दुसरी बाजू : बंधन पक्के, तर सोबत राहण्याची सक्तीही कोर्ट करील. रखमाबाईंचे म्हणणे असे, की अकराव्या वर्षी लावलेल्या लग्नाला माझी संमती नव्हती. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ साली दावा फेटाळला. अपिलात तो निकाल फिरला, आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा हुकूम दिला. या कारणासाठी तुरुंगात टाकणे इंग्लंडने १८८४ सालीच बंद केले होते. रखमाबाईंनी तुरुंग पसंत केल्याचे सर्वश्रुत आहे. थोडक्यात, चर्चच्या कायद्याची पकड मुंबईला पोचली, संमतीचा भाग मात्र वाटेत गळाला. इंग्लंडने हा दावाच १९७० साली रद्द केला. आपल्या १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात तो आजही आहे. आणि रखमा हे नाव रुक्मिणीचेच.

रोमान्सकडे परतताना एका नायिकेचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. ‘बेव्हिस ऑफ हॅम्पटन’मधली जोसियान. ती आर्मेनियाच्या मुसलमान राजाची मुलगी आहे, आणि म्हणून तिला ख्रिस्ती सरदारकन्यांना नसलेली मोकळीक आहे : ती स्वतः बेव्हिसला मागणी घालते. परक्या धर्माची स्त्री पुढाकार घेते तेव्हा या काव्यांना ते खपते, कारण धर्मांतराने तिला पुढे आवरता येते. कलोनमध्ये अर्ल माइल्स तिच्याशी जबरदस्तीने लग्न लावतो. लग्नाच्या रात्री ती लाजून सांगते, की सगळ्यांना बाहेर घालवा. माइल्स खूश होऊन दारे लावून घेतो. जोसियान कापडाचा सरकफास करून त्याच्या गळ्यात टाकते आणि पलंगाच्या आडव्या दांडीवर त्याला टांगते. दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी अर्ल उठेना म्हणून माणसे थट्टा करीत येतात, तेव्हा ती काय केले ते सरळ सांगते. तिला जाळायला नेतात. बेव्हिस वेळेवर पोचतो. १३३०च्या दशकात लंडनमध्ये तयार झालेल्या आणि आता एडिंबरोत असलेल्या ऑखिनलेक हस्तलिखितात ही कथा आहे. काव्य म्हणून ती ओबडधोबड आहे, क्रेतिएंच्या पासंगालाही पुरणार नाही. पण ‘धाकाने मिळवलेला होकार हा होकार नव्हे’ हे वाक्य तिने जेवढ्या गंभीरपणे घेतले तेवढे त्या आर्चबिशपने घेतले नाही.

चॉसरने हा विषय पुन्हा एकदा हाताळला, ‘वाइफ ऑफ बाथ’च्या कथेत, आणि फासे उलटे टाकले. आर्थरच्या दरबारातला एक सरदार नदीकाठी एकट्या मुलीवर बलात्कार करतो. शिक्षा मृत्यूची. राणी आणि तिच्या सख्या त्याला वाचवतात, अट एकच : स्त्रीला सर्वांत जास्त काय हवे असते ते वर्षभरात शोधून आण. एक कुरूप म्हातारी उत्तर सांगते आणि मोबदल्यात लग्न मागते. आता सरदार गयावया करतो : माझी सगळी दौलत घे, शरीर तेवढे सोड. हे वाक्य या साहित्यात कितीतरी स्त्रियांना म्हणता आले असते. मिळाले ते एका बलात्काऱ्याला. त्याला लग्न करावेच लागते. शेजघरात तो कूस बदलत तळमळतो, आणि म्हातारी हसून विचारते, आर्थरच्या घरी नवऱ्यांची हीच रीत का? तो निर्णय तिच्यावर सोपवतो, ती तरुण आणि सुंदर होते, आणि मिळालेली सत्ता लगेच परत करून जन्मभर त्याच्या आज्ञेत राहते. सत्ता परत करण्याची ही घाई अनेक टीकाकारांना खटकली आहे, मलाही खटकते. त्याहून जास्त खटकते ती पहिल्या पानावरची मुलगी. तिला नाव नाही. राणीने सरदाराला जीवदान मागितले तेव्हा तिला कोणी विचारले नाही, आणि नदीकाठचा प्रसंग संपल्यावर कथेत ती पुन्हा कुठेही दिसत नाही.